अमेरिकेतलं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज आणि अर्ली डिसिजन: सही करण्याआधी काय काय तपासायचं

विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल, हॅवरफर्ड. ही छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच आणि एकाच व्यवसायाऐवजी अनेक विषय शिकवणारी. ही नावं आपल्याकडच्या क्लासच्या फलकांवर दिसत नाहीत. हॅवरफर्डमध्ये एकूण विद्यार्थी साधारण चौदाशे, विल्यम्स आणि कार्लटनमध्ये दोन हजारांच्या आसपास. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या ज्युनिअर कॉलेजचा पट याहून जास्त असतो. पीएचडीचे विद्यार्थी जवळजवळ नसतातच, त्यामुळे पहिल्या वर्षापासून वर्गावर प्राध्यापक स्वतः येतात आणि वर्गात पंधरा-वीस जण असतात. चार वर्षं त्याच आवारात राहायचं, त्याच मेसमध्ये जेवायचं. अशा ठिकाणी न रमलेल्या मुलाला दडून बसायला जागा नसते.

आणि नेमकी हीच कॉलेजं आपल्या साधारण निम्म्या जागा अर्ली डिसिजनने भरतात. अर्ली डिसिजनला बोलणी समजू नका, तो साखरपुडा आहे. असा अर्ज एकाच कॉलेजला करायचा, नेहमीच्या फेरीचे अर्ज इतरांना करता येतात. करारावर विद्यार्थी, पालक आणि ज्युनिअर कॉलेजचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. प्रवेश मिळाला आणि आर्थिक मदत पुरेशी असली तर तिथेच जायचं आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. पहिल्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 किंवा 15 नोव्हेंबर असते, निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. दुसऱ्या फेरीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीच्या मध्यावर. नेहमीच्या फेरीचे अर्जही जानेवारीतच जातात, पण उत्तर मार्चअखेर येतं.

पालकांचा पहिला प्रश्न असतो, "यानं चान्स किती वाढतो?" खरं तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी तिथलं जगणं तपासायचं, मग पैशाचं गणित मांडायचं आणि सगळ्यात शेवटी टक्केवारी बघायची. बरीच घरं हा क्रम उलटा लावतात. मग डिसेंबरात प्रवेश मिळतो आणि पुढच्या नोव्हेंबरात मूल फोनवर रडतं.

तिथलं जगणं घरबसल्या कसं तपासायचं

हे काम अकरावीच्या मार्च ते जुलैमध्ये करा. माहितीपत्रकावर हिरवळीवर बसून हसणारी मुलं सगळीकडे सारखीच दिसतात, म्हणून ते बाजूला ठेवा.

पहिली पायरी, विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र. बहुतेक सगळ्या कॉलेजांत ते असतं आणि फुकट वाचता येतं: 'द विल्यम्स रेकॉर्ड', 'द अ‍ॅमहर्स्ट स्टुडंट', 'द बोडन ओरिएंट', ग्रिनेलचं 'द स्कार्लेट अँड ब्लॅक', स्वार्थमोरचं 'द फिनिक्स'. गेल्या दोन वर्षांतले ऑक्टोबर आणि फेब्रुवारीचे अंक काढा. ऑक्टोबरात सहामाहीचा ताण असतो. फेब्रुवारीत थंडीनं सगळे वैतागलेले असतात, म्हणून तक्रारीही खऱ्या निघतात. बातम्यांपेक्षा वाचकांची पत्रं आणि मतांचं पान जास्त कामाचं. हॉस्टेलच्या खोल्या, मानसिक आरोग्य सेवेची प्रतीक्षायादी, मेसचे तास, एखाद्या विभागातल्या प्राध्यापकांची कमतरता यांपैकी कोणता विषय पुन्हा पुन्हा येतो, ते टिपा. प्रत्येक कॉलेजचे तीन वाद आणि तीन अभिमानाच्या गोष्टी एका पानावर लिहून काढता आल्या, तर तुम्ही पुरेसं वाचलंय.

दुसरी पायरी, वर्षाची घडी. इथेच कॉलेजं एकमेकांपासून खूप वेगळी असतात. कार्लटनमध्ये दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात आणि एका टर्ममध्ये साधारण तीनच विषय. आठवडाभर आजारी पडलात तर टर्मचा दहावा भाग गेला. पण थँक्सगिव्हिंगच्या सणापासून (नोव्हेंबरअखेर) जानेवारीपर्यंत लांबलचक सुट्टी मिळते, तेव्हा तिकिटाचा खर्च आणि सुट्टीत हॉस्टेल उघडं राहतं का, हे आधीच विचारून ठेवा. कोलोरॅडो कॉलेजमध्ये एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवड्यांचा. स्वार्थमोरमध्ये पहिल्या सत्राचे ग्रेड गुणपत्रकावर दिसत नाहीत, फक्त विषय पूर्ण झाल्याची नोंद होते. रीडमध्ये ग्रेड नोंदवले जातात, पण काम ठीक चाललं असेल तर मुलाला मागितल्याशिवाय सांगितले जात नाहीत आणि शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. टक्क्यांवर वाढलेल्या मुलाला हे मोकळं वाटेल की अधांतरी, याचं उत्तर घरानं प्रामाणिकपणे द्यायचं आहे.

तिसरी पायरी, नियम कोण करतं आणि कोण पाळून घेतं. हॅवरफर्डची ऑनर कोड, म्हणजे प्रामाणिकपणाची आचारसंहिता, जवळून बघण्यासारखी आहे. ती विद्यार्थ्यांनीच चालवलेली असते. सगळे विद्यार्थी एकत्र जमून सभा घेतात, दुरुस्त्या मांडतात आणि वसंत सत्रात ती पुन्हा मंजूर करतात. सत्रअखेरच्या परीक्षांना पर्यवेक्षक नसतो. ठरलेल्या काळात कोणता पेपर कधी द्यायचा, हे बहुतेक वेळा विद्यार्थीच ठरवतो. ऐकायला छान वाटतं. पण आपल्याकडे अकरावी-बारावीत मित्राचं जर्नल समोर ठेवून उतरवणं हा गुन्हा आहे, असं कोणालाच वाटत नाही. तीच सवय तिथे प्रॉब्लेम सेटला (घरी सोडवायच्या प्रश्नांना) लागली की प्रकरण विद्यार्थ्यांच्याच पंचमंडळापुढे जातं. कशात एकत्र काम चालतं आणि कशात नाही, हे प्रत्येक विषयाच्या पहिल्या दिवशीच्या कागदावर लिहिलेलं असतं. मुलानं तो कागद वाचायची सवय आत्तापासून लावावी.

चौथी पायरी, गाव. ग्रिनेल हे आयोवातलं दहा हजारांहून कमी वस्तीचं गाव. कॉलेजच्या आवारातून मालगाडीचा रूळ जातो, पण प्रवासी रेल्वे नाही. डे मॉइनचा विमानतळ गाडीनं तासाभरावर आहे आणि जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जाऊ शकतो. म्हणून तिथे शनिवारची करमणूक कॉलेजच उभी करतं आणि ती बहुतेक फुकट असते. उलट स्वार्थमोरच्या दारातून लोकल पकडली की अर्ध्या तासात फिलाडेल्फिया. पोमोनाला लागून आणखी चार कॉलेजं आहेत: स्क्रिप्स, क्लेअरमाँट मॅकेना, हार्वी मड आणि पिट्झर. अ‍ॅमहर्स्टच्या मुलांना स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर आणि युमास (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) इथले वर्गही घेता येतात. छोट्या कॉलेजचा जीव गुदमरेल अशी भीती असेल, तर असा शेजार मोलाचा ठरतो.

पाचवी पायरी बहुतेक जण विसरतात: विषयाचा विभाग मोजणं. चालू वर्षाचं वेळापत्रक रजिस्ट्रारच्या पानावर मिळतं. आवडीच्या विषयाचे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे वर्ग किती, शिकवणारे किती आणि त्यांतले रजेवर किती, ते बघा. चार प्राध्यापकांच्या विभागातले दोघे एकाच वर्षी संशोधन रजेवर गेले, तर हवा तो विषय पदवीपर्यंत मिळत नाही. कॉम्प्युटर सायन्समध्ये नोंदणीला चढाओढ असते, तिथे प्रतीक्षायादी कशी चालते ते विद्यार्थ्यालाच विचारा. यांतल्या बऱ्याच कॉलेजांत इंजिनिअरिंग नसतं. स्वार्थमोर, स्मिथ, हार्वी मड आणि लाफायेट हे अपवादांपैकी. पदवी भौतिकशास्त्राची असली तरी प्रमाणपत्रावर बी.ए. असू शकतं. त्यानं काही अडत नाही, पण आजोबांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सहावी पायरी, विद्यार्थ्यांशी बोलणं. कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला लिहिलं की ते भारतीय विद्यार्थ्याशी गाठ घालून देतात. पण तो निवडून दिलेला असतो, म्हणून विद्यार्थी संघटनांच्या पानांवरून आणखी दोघांना स्वतः गाठा. "कॉलेज कसं आहे?" या प्रश्नाला "मस्त" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: गेल्या शनिवारी रात्री काय केलंस? रविवारी दुपारी मेसमध्ये शाकाहारी काय होतं? शेवटचं कोणत्या प्राध्यापकाकडे गेला होतास आणि कशासाठी? बरोबरच्यांपैकी कोण कॉलेज सोडून गेलं आणि का? दारूबद्दलही सरळ विचारा. तिथे कायदेशीर वय 21 आहे, पण पार्ट्या होतातच. ग्रिनेलसारख्या अनेक कॉलेजांत दारू-सिगारेटमुक्त मजला मागून घेता येतो. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडनमध्ये फ्रॅटर्निटी (विद्यार्थ्यांचे खासगी क्लब) बंद झाल्या आहेत, काही कॉलेजांत शनिवार अजून त्यांच्याच भोवती फिरतो.

वर्गातली संस्कृतीही विचारून घ्या. विल्यम्समध्ये ट्यूटोरियल नावाचा प्रकार आहे. दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकानं निबंध लिहायचा आणि दुसऱ्यानं तो समोर बसून उलगडायचा, पुढच्या आठवड्यात उलट. इतर वर्गांतही बोलण्याला गुण असतात. मान खाली घालून नोट्स उतरवणारं हुशार मूल तिथे मागे पडतं. कारण हुशारीचं नसतं, सवयीचं असतं.

टक्केवारी वाचताना

बहुतेक कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे शब्द एकत्र शोधले की सापडतो. त्यातली तीन कलमं पुरे. सी 21 मध्ये अर्ली डिसिजनचे अर्ज आणि प्रवेश यांचे आकडे असतात. सी 7 मध्ये कॉलेज कशाला किती महत्त्व देतं ते असतं. 'अर्जदारानं दाखवलेली आवड' या ओळीसमोर 'विचारात घेत नाही' असेल, तर वेबिनारला हजेरी लावत बसू नका. एच 6 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे असतं.

सी 21 चा आकडा मोहात पाडतो. अर्लीचा दर नेहमीच्या फेरीच्या दुप्पट-तिप्पट दिसतो. पण त्या आकड्यात प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू असतात. यांतली बहुतेक कॉलेजं कॉलेज खेळांच्या डिव्हिजन थ्री या गटात खेळतात, खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, तरी संघ भरायचे असतातच. त्यात माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात, जिथे ती सवलत अजून आहे तिथे. अ‍ॅमहर्स्टनं 2021 मध्ये ती बंद केली. ही मंडळी वजा केली की मदत मागणाऱ्या भारतीय मुलाचा फायदा बराच कमी उरतो. उरतो हे खरं, पण फक्त तेवढ्यासाठी सही करू नये.

पैसा

वरच्या फळीतल्या कॉलेजांत वर्षाचा एकूण खर्च 85,000 ते 95,000 डॉलरच्या घरात गेला आहे. रुपयांत धरा पाऊण कोटी. मदतीशिवाय ही रक्कम झेपणारी घरं थोडी.

परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता निवड करणारी कॉलेजं मोजकी आहेत. छोट्यांत अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही ठळक. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मदतीची मागणी निर्णयात मोजली जाते. त्यांतली स्वार्थमोर, विल्यम्स, ग्रिनेलसारखी कॉलेजं प्रवेश दिल्यावर मात्र पूर्ण गरज भागवतात. काही कॉलेजं घेतात आणि अर्धवट मदत देतात. तिथे अर्लीचा विचारच नको.

सगळ्यात महागात पडणारी चूक ही: चान्स वाढवायला अर्जात "मदत नको" अशी खूण करायची आणि पुढे बघू म्हणायचं. बऱ्याच कॉलेजांचा नियम आहे की परदेशी विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढे चार वर्षं मागता येत नाही.

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल हा घरच्या उत्पन्न-मालमत्तेचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो 1 ऑक्टोबरला खुला होतो. पहिल्या कॉलेजला 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 16. हा फॉर्म भरायला पूर्ण शनिवार-रविवार काढा. दोन्ही पालकांची आयकर विवरणपत्रं, फॉर्म 16, बँकेची वर्षअखेरची शिल्लक, पीएफ, कर्जाचे हप्ते हे सगळं समोर हवं. आपल्याकडची घरं दोन ठिकाणी अडकतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून ते विवरणपत्रात दिसत नाही, पण फॉर्ममध्ये दाखवावंच लागतं. आणि सातबाऱ्यावर वडिलांचं नाव काका-आत्यांबरोबर असेल, तर फक्त स्वतःच्या हिश्श्याची अंदाजे किंमत लिहायची आणि खुलाशाच्या रकान्यात दोन वाक्यांत सांगायचं: जमीन सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, एकट्याला विकता येत नाही. हा खुलासा नसला की ती रक्कम घरातल्या शिलकीसारखी धरली जाण्याचा धोका असतो.

सही करण्यापूर्वी कागदावर एकच आकडा लिहा: कर्ज धरून चार वर्षं दरवर्षी किती डॉलर देऊ शकतो. फीचा बोजा दरवर्षी तीन-चार टक्क्यांनी वाढेल आणि रुपया घसरेल, हे त्यात धरा. मदतपत्र आलं की मिळालेलं अनुदान एकूण खर्चातून वजा करा. मग विमानप्रवास, आरोग्य विमा आणि थंडीचे कपडे धरलेत का ते बघा. आणखी एक खर्च जवळजवळ कोणीच सांगत नाही. अनुदानाचा जो भाग राहण्या-जेवणावर जातो, तो अमेरिकेत करपात्र असतो आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाकडून त्यावर साधारण 14 टक्के कापले जातात. पूर्ण मदत मिळालेल्या मुलाच्या नावावरही त्यामुळे वर्षाला दोनेक हजार डॉलरचं बिल येऊ शकतं. आवारातल्या नोकरीला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तासांची परवानगी असते. प्रत्यक्षात आठ-दहा तास झेपतात.

मदत अपुरी असेल तर करारातून सुटता येतं. आधी मदत कार्यालयाला कागदपत्रांसह फेरविचारासाठी लिहायचं. तरीही झेपत नसेल तर नकार कळवायचा. दुसरीकडे बरं जमतंय म्हणून मात्र मोडता येत नाही, तसं केलं की ज्युनिअर कॉलेजच्या पुढच्या मुलांवरचा विश्वास जातो.

एचएससीवाल्यांची कागदपत्रं

आयबी किंवा मोठ्या सीबीएसई शाळेत हे सगळं शाळा करते. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलाला स्वतःच करून घ्यावं लागतं, म्हणून इथे जरा थांबतो.

गुणपत्रकं नववी ते बारावीची लागतात. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी दुसरीकडे. म्हणजे दोन कार्यालयांत खेटे. शाळेकडून नववी-दहावीची शिक्का मारलेली प्रत जुलैमध्येच आणून ठेवा. अकरावी हे 'आरामाचं वर्ष' समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण 1 नोव्हेंबरला कॉलेजच्या हातात पूर्ण वर्षाचे ताजे गुण अकरावीचेच असतात. तिथे घसरण असेल तर पहिली फेरी सोडा आणि बारावीच्या सहामाहीचे चांगले गुण घेऊन दुसऱ्या फेरीला जा.

समुपदेशक नसेल तर उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक ती भूमिका करू शकतात. कॉमन अ‍ॅपवर (बहुतेक कॉलेजांचा अर्ज जिथून जातो ते संकेतस्थळ) त्यांचं खातं शक्यतो ज्युनिअर कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून उघडा. त्यांनी भरायचं ते हे: शाळेचा अहवाल, शिफारस, गुणपत्रकं आणि एक पानाचं संस्थेचं परिचयपत्र. या परिचयपत्राचा मसुदा तुम्ही माहिती जमवून द्या. वर्गसंख्या, बोर्डाची गुणपद्धत, 35 ला पास आणि 75 टक्क्यांवर डिस्टिंक्शन, गेल्या वर्षी किती जणांना किती. 82 टक्के म्हणजे काय, हे आयोवात बसलेल्या माणसाला त्यावाचून कळत नाही. दोन विषयशिक्षकांच्या शिफारशीही लागतात. शंभरच्या वर्गातल्या सरांना मूल आठवतं ते क्रमांकानं, म्हणून त्यांना मुद्दे द्या: वर्गात विचारलेला एखादा प्रश्न, प्रयोगशाळेतली एखादी गोष्ट. 'आज्ञाधारक आणि नियमित' एवढ्या शिफारशीनं काही साधत नाही. 'इंटिग्रेटेड' कॉलेजात नाव घालून फक्त क्लासला जाणाऱ्यांची अडचण इथेच होते, कारण त्यांना ओळखणारे शिक्षकच नसतात. एजंटाला मात्र शिक्षकांच्या खात्याला हात लावू देऊ नका. तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी निघाली की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणि दिवाळी. सुट्टी नेमकी मुदतीच्या आगेमागे येते, कार्यालय बंद, प्राचार्य गावाला. ज्युनिअर कॉलेजकडून जायचं ते सगळं सुट्टी लागण्याच्या दोन आठवडे आधी अपलोड झालेलं हवं. सहामाहीचे गुण तोवर आलेच नाहीत, तर घटक चाचणीचे गुण लेटरहेडवर द्या.

एसएटी ही प्रवेश चाचणी बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे, बोडनमध्ये तर 1969 पासून. तरी बोर्डाच्या मुलानं चांगला स्कोअर असेल तर जरूर पाठवावा. पहिल्या फेरीसाठी ऑगस्टची परीक्षा द्या, ऑक्टोबर हातात राहू दे. सेमी-इंग्लिशमधून आलेल्यांनी टोफेल किंवा आयईएलटीएसही धरून चाला.

लिहिणं

मुख्य निबंध 650 शब्दांपर्यंत. उपक्रमांसाठी दहा जागा आणि प्रत्येक वर्णनाला 150 अक्षरं. 'सांस्कृतिक कार्यक्रमात सहभाग' लिहून जागा घालवू नका. ढोल-ताशा पथकात असाल तर किती वादक, आठवड्याला किती तास सराव, नवख्यांना काय शिकवलंत, हिशेब कोणी ठेवला ते लिहा.

"आमचंच कॉलेज का?" या पुरवणी प्रश्नावर अर्लीचा अर्ज तरतो किंवा बुडतो. उन्हाळ्यात टिपलेलं ते पान आता काढा. 'छोटे वर्ग, प्रेमळ प्राध्यापक' हे कोणत्याही कॉलेजला लागू पडतं. उलट ग्रिनेलमध्ये पहिल्या वर्षीचं ट्यूटोरियल सोडून कोणताच विषय सक्तीचा नाही आणि ते शिकवणारे प्राध्यापकच सुरुवातीला मार्गदर्शक असतात. हे माहीत असणारा मुलगा लिहू शकतो की सक्ती नसताना तो गणिताबरोबर काय घेईल आणि का. परंपरांची नावं मात्र घाऊक ओतू नका. विल्यम्सचा माउंटन डे तुम्हाला गूगलवर सापडला, हे त्यांनाही कळतं.

निकालानंतर

प्रवेश मिळाला तर मुदतीत होकार आणि अनामत भरा, बाकीचे अर्ज ईमेलनं मागे घ्या. पुण्याच्या फ्लेमला किंवा सोनिपतच्या अशोकाला अर्ज करून ठेवण्यात गैर काहीच नव्हतं, आता तेही कळवा. निर्णय पुढे ढकलला गेला तर करार सुटतो. जानेवारीत सहामाहीचे गुण आणि एक पानाचं पत्र पाठवा किंवा दुसऱ्या कॉलेजला दुसऱ्या फेरीत अर्ज करा. त्यासाठी त्या पुरवणी प्रश्नांची उत्तरं नोव्हेंबरातच लिहून ठेवलेली हवीत. निकालानंतर दोन-तीन आठवड्यांत ती नीट होत नाहीत, शिवाय तेव्हाच प्रिलिम्स असतात.

बारावीची परीक्षा आता नाममात्र, असं समजू नका. अंतिम गुणपत्रक जातं आणि मोठी घसरण दिसली तर प्रवेश रद्द होऊ शकतो. कॉलेजकडून व्हिसासाठी लागणारं आय-20 प्रमाणपत्र आलं की 350 डॉलरचं सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचं) शुल्क भरा, डीएस-160 हा व्हिसाचा अर्ज भरा आणि मुलाखतीची तारीख धरा. मुंबईतली अमेरिकेची वकिलात बीकेसीत आहे. अर्लीवाल्यांना इथे तीन-चार महिन्यांची उसंत मिळते.

मे-जूनमध्ये रूममेटचा फॉर्म येतो: कधी झोपता, खोली किती आवरता, पाहुणे चालतात का. तो मुलालाच भरू द्या. पालकांनी "रात्री 10 ला झोपतो, खोली स्वच्छ ठेवतो" असं लिहून दिलं की खरोखरच 10 ला दिवा मालवणारा रूममेट मिळतो.